सोळा वर्षांचा होकार

बोलता बोलता थेमेलिनानं ग्लेनिसचं मनगट धरलं, आणि ग्लेनिसनं नेहमीसारखी मान डोलावली. "हो, हो," ती म्हणाली.

दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या. सकाळचे नऊ वाजले असतील. थेमेलिनानं बाहेरगावी जायचे काळे कपडे घातले होते, पायाशी बॅग होती आणि ती भराभर बोलत होती. त्यातले थोडे शब्द ग्लेनिसच्या हाती लागले. अथेन्स, डोळा, मुलगी, दहा दिवस. मग संध्याकाळ. साकेलारिस हे नाव दोनदा आलं. मधेच थेमेलिनानं पाण्याच्या मोठ्या बाटलीत भरलेलं तेल भिंतीवर ठेवलं आणि ते ग्लेनिसच्या बाजूला सरकवलं. तेल ती दर वर्षी द्यायचीच. ग्लेनिसनं छातीवर हात ठेवून आभार मानले. मग थेमेलिनानं काहीतरी विचारलं आणि ती थांबून राहिली. सूर शेवटी वर गेला होता, त्यावरून हा प्रश्न आहे एवढं ग्लेनिसला कळलं.

"हो," ती म्हणाली, "हो. काळजी नको."

थेमेलिनाचे डोळे भरून आले. तिनं भिंतीवरून वाकून ग्लेनिसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. खाली रस्त्यावर टॅक्सीचा भोंगा वाजला तशी बॅग उचलून ती पायऱ्या उतरली.

ग्लेनिस प्रिचर्ड ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर राहायला आली त्याला सोळा वर्षं झाली होती. त्याआधी वेल्समधल्या एका लहान गावात, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात ती सत्तावीस वर्षं नावनोंदणीच्या खिडकीवर बसत होती. दात काढलेली माणसं बधिर तोंडानं तिच्याशी काहीबाही बोलायची, आणि ती हसून मान हलवत पुढची तारीख द्यायची. नवरा एमरिस निवृत्त झाला आणि दोघं इथं आली. पहिले दोन हिवाळे तिनं शाळेच्या खोलीत भरणाऱ्या ग्रीक भाषेच्या वर्गाला नेमानं हजेरी लावली. एमरिस एकदाही गेला नाही. तो दुकानात जाऊन कोंबडीसारखा आवाज काढायचा आणि अंडी घेऊन यायचा. लोक पोट धरून हसायचे. चौथ्या वर्षी तो गेला. त्याच्या भावानं त्याला पुरायला वेल्सला नेलं. ती आठवडाभर तिकडे राहिली आणि परत आली.

परत आली त्या दिवसापासून आठ दिवस थेमेलिना तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसत होती. स्वतःचं विणकाम घेऊन यायची आणि बोलत राहायची. ग्लेनिसला शंभरातला एखादा शब्द कळायचा. पण तो आवाज बरा वाटायचा. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच तेव्हा तिला हवं होतं. म्हणून थेमेलिना थांबली की ती मान डोलवायची, आणि थेमेलिना पुढे बोलायची. तिथून जी सवय लागली ती लागलीच. एखाद्या वर्षानंतर 'मला तुमचं बोलणं कळत नाही' असं सांगणं अवघड झालं. पाच वर्षांनंतर ते अशक्य झालं.

बेटावर दहाबारा परदेशी कुटुंबं होती. दर गुरुवारी ती मंडळी समुद्राकाठच्या खानावळीत जमायची. त्यांच्यात ग्लेनिसचा मान मोठा होता. "ग्लेनिसला विचारा, ती इथलीच झालीय," असं लोक नव्यानं आलेल्यांना सांगायचे. कुणाचं वीजबिल चुकलं की तिला सोबत नेत. कचेरीतली पोरं तिला पाहताच आपणहून इंग्रजीत बोलू लागत, आणि काम झालं की श्रेय तिला मिळे. ते तिनं कधी नाकारलं नव्हतं.

थेमेलिना दहा दिवसांसाठी गेली होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला आणि तिचा मुक्काम लांबला. मधल्या काळात ग्लेनिसनं ते तेल वापरलं. चवीला जरा जड होतं, जुनं असावं. तरी एका गुरुवारी तिनं मंडळींना घरी जेवायला बोलावलं, तेव्हा वाडग्यात ओतून पावासोबत तेच पुढे ठेवलं. शेजारणीच्या स्वतःच्या झाडांचं आहे, असं तिनं कौतुकानं सांगितलं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी ती मिकेसच्या दुकानात गेली. मिकेसनं तरुणपणी ऑस्ट्रेलियात, डार्विनला वीस वर्षं रंगारी म्हणून काढली होती. त्याला इंग्रजी चांगलं येई, आणि ते बोलायची हौसही होती.

"चला कीरिया ग्लेनी, सुटलात," टोमॅटो तोलता तोलता तो म्हणाला. कीरिया म्हणजे बाई, सगळा गाव तिला अशीच हाक मारी. "म्हातारी दुपारच्या बोटीनं येतेय. आता दिव्याचं काम तुमच्या मागे नाही."

कसला दिवा, असं तिनं विचारलं. तिला वाटलं, तो थट्टा करतोय.

"कसला म्हणजे? साकेलारिसच्या थडग्यावरचा. तुम्हाला सांगून गेली ना ती? जायच्या आधी दुकानात आली होती. मी म्हटलं, माझी बायको लावेल. तर म्हणाली, नको, ग्लेनी लावणार आहे, मी तेलही देऊन ठेवते. एकतीस वर्षं एक संध्याकाळ चुकवली नाही हो त्या बाईनं. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा गेली."

 साकेलारिस कोण हे ग्लेनिसला ठाऊक होतं. थेमेलिनाचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलवरून वळणावर गेला. थेमेलिनाच्या घरातल्या भिंतीवरचा त्याचा फोटो तिनं शेकडो वेळा पाहिला होता.

तिनं टोमॅटो तसेच ठेवले. घरी येऊन बाटली पाहिली. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं.

दफनभूमी गावावरच्या चढावर होती. ग्लेनिसचं तिथं कुणीच नसल्यानं ती कधी जात नसे. साकेलारिसची जागा शोधायला तिला पाऊण तास लागला, कारण दगडांवरची अक्षरं ती एकेक करून जुळवत होती. पांढऱ्या संगमरवराच्या डोक्याशी काचेचं दार असलेली लहान पेटी होती. आत केस वाढवलेल्या हसऱ्या पोराचा फोटो, काड्यापेटी, तरंगत्या वातींचं पाकीट आणि दिव्याचा पेला. पेल्याला चिकट थर धरला होता, त्यात मुंग्या मरून पडल्या होत्या. तिनं तो रुमालानं पुसला, तेल ओतलं. असा दिवा तिनं आयुष्यात लावलेला नव्हता. पहिली वात बुडाली, दुसरीही बुडाली. तिसरी तरंगली आणि पेटली. मुंग्यांनी भरलेला रुमाल तिनं पर्समध्ये कोंबला आणि ती उभी राहिली, तोच फाटकापाशी टॅक्सी थांबली.

थेमेलिना बंदरावरून घरी न जाता सरळ तिथं आली होती. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी चिकटपट्टीनं लावलेली होती. भिंतीला हात लावत ती आली, पेटीपाशी वाकली आणि उघड्या डोळ्यानं तिनं बराच वेळ पाहिलं.

"जळतोय," ती म्हणाली.

एवढा शब्द ग्लेनिसला कळला. मग थेमेलिना वळली, तिनं ग्लेनिसचे दोन्ही हात धरले आणि तेलाचा वास येणारे ते हात एकामागून एक ओठांना लावले.

त्या क्षणी सांगता आलं असतं. आपल्याकडे शब्द नव्हते, असं ग्लेनिसनं घरी येताना स्वतःला समजावलं. पण 'नाही' हा शब्द तिला पहिल्याच आठवड्यात आला होता.

पुढचे चार दिवस थेमेलिना घरोघर तेच सांगत फिरत होती. ग्लेनिस दिसली की बायका थांबून तिचा दंड दाबायच्या. पाववाल्यानं तिच्या पिशवीत एक गोड पाव जास्तीचा घातला. तो तिला घशाखाली उतरला नाही. फेकवलाही नाही. तो फडताळात वाळत पडला.

रविवारी थेमेलिना तिला हाताला धरून चर्चला घेऊन गेली. प्रार्थना सुटल्यावर लोक अंगणात उभे होते. तिथं पोथिती होती, थेमेलिनाची नणंद. दोघींमध्ये एका खोलीच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. थेमेलिना मुद्दाम मोठ्यानं काहीतरी बोलली आणि तिनं ग्लेनिसचा हात वर केला. त्यात 'परकी' हा शब्द होता, आणि 'आत्या' हा.  पोथितीनं शांतपणे एक वाक्य उच्चारलं आणि चार बोटं दाखवली. ग्लेनिसला 'शनिवार' कळलं. 'अंधार' कळलं.

थेमेलिनाचा आवाज चढला. मधूनमधून साकेलारिसचं नाव येत होतं. लोक बाजूला सरकले. पोथिती तिच्याकडे न बघता थेट ग्लेनिससमोर येऊन उभी राहिली. उंच, हडकुळी, सत्तरी ओलांडलेली बाई. तिनं एकच शब्द विचारला.

"रोज?"

हा शब्द ग्लेनिसला येत होता. तिनं मान डोलावली.

"हो," ती म्हणाली.

पोथितीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. तिला राग आला असावा असं वाटलं नाही, नवल वाटलं असावं. मागून थेमेलिना जे ओरडली तो शब्दही ग्लेनिसला ठाऊक होता, बाजारात तो कानावर पडायचा. खोटारडी. पोथितीनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती फाटकातून एकटीच निघून गेली. तिच्या वाटेत कुणी आलं नाही, तिच्यासोबतही कुणी गेलं नाही.

चार दिवस ग्लेनिस घराबाहेर पडली नाही. थेमेलिनानं भिंतीवरून हाका मारल्या, तिनं डोकं दुखतंय अशी खूण केली. गुरुवारी जेवायला गेली नाही. आरशात तोंड बघायची तिला लाज वाटत होती. दिवा लावला नाही हे एकवेळ विसरता आलं असतं, पण एक खरं बोलणारी बाई तिच्यामुळे गावात खोटी ठरली होती, आणि तेही मेलेल्या भाच्याच्या दिव्यावरून.

शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना ती मिकेसकडे गेली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. तेल खाल्ल्याचंही सांगितलं.

मिकेस आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं.

"थांबा," तो म्हणाला. "त्या दिवशीचं कळलं नाही, की कुठलंच कळत नाही?"

"कुठलंच नाही. भाव कळतो. हवापाणी कळतं. कसे आहात, बरे आहात."

"माझी बायको उन्हाळ्यात तुमच्याकडे येऊन बसायची. रडायची. घरी येऊन म्हणायची, ग्लेनीपाशी बोललं की मोकळं वाटतं."

ग्लेनिस खाली बघत राहिली. त्याची बायको का रडत होती हे तिला त्याला विचारावंसं वाटलं, आणि ते वाटल्याचीच लाज वाटली.

"गावात काय म्हणतात माहितेय तुमच्याबद्दल?" मिकेस म्हणाला. "त्या बाईच्या पोटात गोष्ट राहते. इकडचं तिकडे करत नाही." त्यानं गल्ल्यावरचा कपडा उगाचच उचलला आणि ठेवला. तिच्याइतकाच तो ओशाळला होता. शेवटी म्हणाला, जाऊ द्या, म्हातारी खूश आहे, पोथितीचं काय, तिचं आधीच कुणाशी पटत नाही. ग्लेनिसनं मान हलवली. या वेळी नकारार्थी. मग तो म्हणाला, मी सोबत येतो, मी सांगतो समजावून. तिनं त्यालाही नको म्हटलं. दोन वाक्यं मला शिकवा, एवढंच तिनं मागितलं.

त्यानं कागदी पिशवीच्या मागे इंग्रजी अक्षरांत दोन वाक्यं लिहून दिली. ती तिनं रात्रभर नाही, पण सकाळी उठल्यापासून शंभरदा घोकली.

थेमेलिना अंगणात हिरवी भाजी निवडत बसली होती. झाकणी निघाली होती, डोळा लाल होता. ग्लेनिस दिसताच तिनं खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली. ग्लेनिस बसली नाही. थेमेलिना श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिनं दोन्ही वाक्यं म्हटली.

"दिवा मी लावला नाही. तुम्ही काय म्हणालात ते मला समजलं नव्हतं."

थेमेलिनानं हसून हात झटकला आणि भरभर काहीतरी उत्तर दिलं. ग्लेनिसची मान आपोआप हलू लागली. तिनं ती थांबवली. मानेत कळ आल्यासारखं झालं.

"समजलं नाही," ती म्हणाली.

थेमेलिनानं भाजी खाली ठेवली. ती पुन्हा बोलली, जरा हळू. ग्लेनिसनं पुन्हा तेच सांगितलं. मग थेमेलिना लहान लहान शब्दांत बोलू लागली, आणि आता ग्लेनिसला कळत होतं. इतकी वर्षं कुणी असं हळू बोलावं हे तिनं कधी मागितलंच नव्हतं.

"दिवा नाही?"

"नाही. एक दिवस. तुम्ही आलात तो दिवस."

"तेल?"

ग्लेनिसनं तोंडाकडे बोट नेलं. खाल्लं हा शब्द तिला येत होता, तो तोंडातून निघेना.

 थेमेलिनाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती साकेलारिसचाच विचार करतेय असं ग्लेनिसला वाटलं. ती शिव्या देईल म्हणून ग्लेनिस तयार उभी होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो गेला त्या रात्रीचं," थेमेलिनानं विचारलं, "मी तुला सांगितलं. कळलं?"

"नाही."

"माझ्या नवऱ्याचं?"

"नाही."

"मी काय केलं ते? मी ते कुणाला सांगितलं नाही. पाद्रीलासुद्धा नाही. तुला सांगितलं, पोरी. याच खुर्चीत. तू माझा हात धरलास. हो म्हणालीस."

ग्लेनिसला तो दिवस आठवेना. असे किती तरी दिवस होते. तिनं कितीतरी वेळा हात धरला होता.

"नाही," ती म्हणाली. "माफ करा."

थेमेलिना तिच्याकडे पाहत होती, पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे पाहावं तशी. मग तिनं स्वतःशीच, तरी सावकाश आणि स्पष्ट विचारलं,

"मग मी इतकी वर्षं बोलले कुणाशी?"

 थेमेलिनानं भाजीची परात मांडीवर घेतली आणि ती आत गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी ती पोथितीच्या घरी गेल्याचं मिकेसनं सांगितलं. दाराबाहेर बराच वेळ उभी होती म्हणे. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पोथितीनं तिला आत घेतलं. तुझा दिवा विझलेला मी चार शनिवार पाहिला, ती म्हणाली, पण त्याला हात लावला असता तर तू माझा हात मोडला असतास. त्यावर दोघी रडल्या, आणि मग त्या खोलीवरून पुन्हा भांडल्या, पण भांडताना कॉफी प्यायल्या.

ग्लेनिसही एके दिवशी पोथितीकडे गेली. शिकलेलं वाक्य तिनं दारातच म्हटलं. पोथितीनं ते ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाली, आणि बसायला मात्र सांगितलं नाही.

गावात कुणी काही टाकून बोललं नाही. पण बायका आता तिच्या भिंतीपाशी रेंगाळत नव्हत्या. दुकानात दोघीतिघी कुजबुजत असल्या आणि ती आली, तर पूर्वी त्या तिलाही त्यात ओढायच्या. आता गप्प व्हायच्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे गप्प होत नव्हत्या, ती नाहीच अशा बोलत राहायच्या. गुरुवारच्या मंडळींना तिनं सांगून टाकलं की तिला भाषा येत नाही. त्यांना तो विनय वाटला. ते हसले. हिवाळ्यात शाळेच्या खोलीत वर्ग सुरू झाला तेव्हा ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. बाकी सगळ्या तिशीतल्या अल्बेनियन आणि जॉर्जियन बायका होत्या, दिवसभर काम करून आलेल्या. कळलं नाही की त्या सरळ हात वर करायच्या.

थेमेलिना रोज दुपारी पोथितीच्या पायरीवर बसू लागली. गल्लीच्या वळणावरून तिचा आवाज ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात येई, तोच न थांबणारा आवाज. ग्लेनिस नळ बंद करून ऐकत राही. आता तिला दहातले दोन शब्द कळू लागले होते.

नोव्हेंबरच्या एका दुपारी ती वर्गाची वही घेऊन त्या पायरीसमोरून चालली होती. दोघी शेंगा सोलत होत्या. तिला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. ग्लेनिसनं नमस्कार केला, त्यांनीही केला. ती पुढे गेली तेव्हा थेमेलिनानं टाळी वाजवून तिला थांबवलं. ग्लेनिस वळली. थेमेलिनानं डोंगराकडे बोट केलं, मग दोन्ही हात वर नेऊन दहाही बोटं हलवत हळूहळू खाली आणली, बाळाला दाखवावी तशी. मग दोन चिमटींनी हवेतल्या तारेवरून काहीतरी काढून दाखवलं.

पाऊस. कपडे काढ.

पाऊस हा शब्द ग्लेनिसला सोळा वर्षांपासून येत होता. कपडे हाही.

ती तसं म्हणाली नाही. तिनं आभार मानले आणि घरी जाऊन तारेवरचे कपडे काढले. चादरी उन्हानं अजून गरम होत्या. त्या छातीशी धरून ती अंगणात उभी राहिली. गल्लीच्या वळणामागे बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.